टेकनमध्ये थांबून खेळणारा कुठं गेला?

आजचा भाग फरमाइशीचा आहे. मोबाइल गेमिंगवरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी व्हॉइस मेसेज पाठवले आणि त्यातल्या निम्म्यांचा सूर एकच होता: "दादा, टेकन थ्री तेच खरं टेकन. पुढं नुसते ग्राफिक्स." गंमत अशी की हे म्हणणारी पोरं टेकन थ्री आलं तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. त्यांनी ते खेळलंय फोनवर, एमुलेटर टाकून, काचेवर अंगठे घासून. तरी त्यांना ते आवडलंय, म्हणजे त्या गेममध्ये काहीतरी आहेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला राग येणार आहे त्याला लवकर येऊ दे. ग्राफिक्स, नवीन कॅरेक्टर, स्टोरी यांनी टेकनचं काही वाईट केलं नाही. बदललं ते वेगळंच. पूर्वी हा गेम थांबून खेळणाऱ्याला बक्षीस द्यायचा, आता तो पुढं घुसणाऱ्याला देतो. हा बदल एका रात्रीत झाला नाही, पंचवीस-तीस वर्षं चाललाय, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो लगेच कळावा असा आहे. का, ते पुढं येईलच.

आधी थोडं मुळापासून. टेकन जपानच्या नामको कंपनीनं काढलं, १९९४ च्या शेवटी आर्केडमध्ये आणि १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर. तोवर आपल्याकडं फायटिंग म्हटलं की स्ट्रीट फायटर. तिथं बटणं असतात हलका ठोसा, मध्यम ठोसा, जड ठोसा, आणि तशाच तीन लाथा. टेकननं काय केलं, चार बटणं ठेवली आणि प्रत्येक बटण म्हणजे एक अवयव. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. बस्स. एवढ्यावर सगळं उभं आहे. त्यामुळं झालं काय, ज्याला काहीच येत नाही त्यालाही बटण दाबलं की काय होणार ते समजतं. आणि ज्याला येतं तो समोरच्याचा खांदा हलला की ओळखतो, हा डाव्या हातानं येतोय.

टेकन थ्री आर्केडला १९९७ मध्ये आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये आलं. आपल्याकडं पोचलं ते कॉपी सीडीवर, हे खोटं कशाला बोला. राजारामपुरीच्या एका गल्लीत दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशन ठेवलेला एक पार्लर होता. तासावर पैसे. पण तासाचा हिशोब मालकाचा, पोरांचा कायदा वेगळा: हरला की उठायचं. जिंकणारा बसून राहणार आणि पैसे हरणाऱ्याच्या खिशातून जाणार. या एका कायद्यानं आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्यूटोरियलनं शिकवलं नसतं. कारण खिशात दहा रुपये असले की माणूस उगाच उड्या मारत नाही.

दुसरा कायदा एडीचा. एडी गोर्डो, तो ब्राझीलचा कापोएरा खेळणारा. लाथांची दोन बटणं आलटून पालटून बडवत राहिलं की हा गडी स्वतःच हातावर उभा राहून सगळ्यांना झोडपतो. त्यामुळं पार्लरमध्ये अलिखित बंदी, एडी घ्यायचा नाही. घेतला तर जिंकला तरी उठायचं. आणि आता बघा, टेकन ८ मध्ये २०२४ साली वेगळे पैसे मोजून घ्यायचं जे पहिलं कॅरेक्टर आलं, ते कोण? एडी! आम्ही फुकटात नको म्हणत होतो त्याला.

तर त्या पार्लरमध्ये एक दादा यायचा, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तो किंग खेळायचा, जॅग्वारच्या मुखवट्याचा पैलवान. हा दादा पहिली दहा-पंधरा सेकंद काही करायचाच नाही. मागं सरकायचा, जरा पुढं यायचा, परत मागं. आमच्यातला कोणतरी उतावीळ होऊन पॉलचा तो मोठा ठोसा मारायचा, तो हवेत जायचा आणि मग पकड बसायची. एक पकड, त्यातनं दुसरी, दुसरीतनं तिसरी. किंगच्या पकडींची साखळी असते, आणि ती सोडवायची तर तो कुठल्या हातानं धरतोय ते बघून त्याच हाताचं बटण दाबावं लागतं. आम्ही नुसते ओरडायचो.

आता मला सांगा, हे तुम्ही कुठं बघितलंय? मातीत बघितलंय. कुस्ती लागली, सलामी झाली की लगेच कोण पट काढत नाही. आधी खडाखडी होते. मनगट धरून बघायचं, मानेवर हात ठेवून बघायचं, समोरचा कुठल्या पायावर वजन टाकतोय त्याचा अंदाज घ्यायचा. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, काहीच चाललं नाही की. खासबागेत बसलेला म्हातारा म्हणतो, गप बस, आत्ताच तर सगळं चाललंय.

टेकन थ्री हा खडाखडीचा गेम होता. त्याची कारणं गेममध्येच आहेत, जरा इस्कटून सांगतो. एक, मैदानाला भिंत नाही. मागं सरकत गेलं तर कितीही जा. दोन, याच भागात बाजूला सरकणं सगळ्या कॅरेक्टरना नीट मिळालं, आणि आधीच्या दोन भागांतल्या त्या आभाळात जाणाऱ्या उड्या कमी केल्या. म्हणजे पाय जमिनीवर आले. आणि तिसरं सगळ्यात मोठं, मार अडवला तर तुमचं काहीच जात नाही. काठीवर काठी घेतल्यासारखं. उलट मोठा वार अडवला तर मारणारा सावरायच्या आत त्याला शिक्षा. टेकन एका सेकंदात ६० फ्रेम चालतं. सगळ्यात चपळ ठोसा साधारण १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. मारणारा त्यापेक्षा जास्त वेळ उघडा राहिला की तो तुमचा. हा सगळा हिशोब थांबणाऱ्याच्या बाजूचा आहे.

कोरियातल्या खेळाडूंनी तर या मागं सरकण्याचीच कला केली. मागं उडी, ती अर्ध्यात तोडायची, परत मागं उडी, असं सलग. जगभर त्याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. मार चुकवण्याच्या चालीला देशाचं नाव मिळालंय, यावरनं ओळखा त्या काळी काय भारी समजलं जायचं.

मग सुरू झाला बदल. टेकन ४ मध्ये, २००१ साली, भिंती आल्या. मागं सरकणाऱ्याची पाठ लागायला लागली. जमीन पण उंचसखल केली होती, ती कुणालाच झेपली नाही आणि पुढं काढून टाकली, पण भिंती राहिल्या. मला भिंती पटतात. आखाड्यालासुद्धा कड असते. टेकन ५ आणि त्याची सुधारलेली आवृत्ती डार्क रिझरेक्शन, हा माझ्या मते या मालिकेचा सगळ्यात समतोल काळ. थ्रीवाल्यांनो, शिव्या घाला, पण एकदा खेळून बघा आणि मग घाला. भिंत आहे, तरी थांबायला जागा आहे. मारायला भीती वाटते, तरी मारावंसं वाटतं.

टेकन ६ पासून हात सैल सुटला. घरच्या कन्सोलवर ते २००९ मध्ये आलं. त्यात दोन गोष्टी आल्या. एक, हवेत उडवलेल्या गड्याला जमिनीवर आपटून परत उचलायचं, म्हणजे कॉम्बो लांबले. एकदा उडालात की कंट्रोलर खाली ठेवून चहा पिऊन या. दुसरं, रेज. जीव थोडा उरला की तुमच्या माराची ताकद वाढते. हरणाऱ्याला शेवटचा हात. ऐकायला दयाळू वाटतं. खेळताना असं वाटतं की आपण दोन मिनिटं घाम गाळून जे कमावलं ते कोणतरी उधारीवर घेऊन गेला.

टेकन ७ आर्केडमध्ये २०१५ ला आणि घराघरात जून २०१७ मध्ये आलं. याच्यावर माझा जीव आहे, कारण मालिकेचा मुख्य भाग पहिल्यांदाच पीसीवर आला. ज्यांच्या घरात प्लेस्टेशन कधीच येणार नव्हतं असे कितीतरी जण तेव्हा टेकनमध्ये परत आले, मी धरून. त्यात रेजचं रेज आर्ट झालं: जीव संपत आला की एक चाल, सिनेमासारखा कॅमेरा फिरतो आणि मोठा घाव बसतो. पॉवर क्रश आला, म्हणजे मार खात खात मारायचा वार. आणि तो स्लो मोशन! दोघांचा जीव संपत आलाय, दोघांनी एकाच वेळी हात उचललाय, आणि गेम स्वतःच वेळ थांबवतो. कोण आधी लागणार? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतनं उठलो होतो.

पण हे बघा, मी उठलो कशामुळं? बघून. खेळून नव्हे. इथं माझ्या मते खरी मेख आहे. टेकन ७ च्या काळात हा गेम यूट्यूबवर आणि ट्विचवर बघितला जायला लागला. बघणाऱ्याला खडाखडी कळत नाही. त्याला धडाका पाहिजे. दुसरं कारण ऑनलाइन. शेजारी बसलेल्याचा वार डोळ्यानं बघून अडवता येतो. पण समोरचा दुसऱ्या देशात, मध्ये इंटरनेट, चार-पाच फ्रेमचा उशीर, मग बघून अडवणं संपलं, अंदाजपंचे सुरू. बचाव जर अंदाजावर आला तर मारणाराच जिंकणार की.

साध्या पकडींचंही तेच. टेकन ७ पासून साधी पकड कुठल्याही एका हाताच्या बटणानं सुटते, कुठला हात आला ते बघायची गरज उरली नाही. नवीन माणसाला सोपं पडलं. पण त्या किंगवाल्या दादाचं अर्धं शास्त्र तिथंच बुडालं.

आणि मग टेकन ८. २६ जानेवारी २०२४. बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की या वेळचा मंत्र आक्रमकता. प्रत्येक राउंडला एकदा हीट नावाची अवस्था मिळते. ती चालू असताना तुमचा मार समोरच्यानं अडवला तरी त्याचा जीव थोडा थोडा घटतो. आणि गेलेला तो जीव परत कसा मिळवायचा? समोरच्याला मारून! म्हणजे नुसतं अडवत बसलात तर झिजत जाणार, आणि भरून काढायचं तर घुसायलाच लागणार. काठीवर काठी घेतली तरी हाताला झिणझिण्या.

आता कुस्तीकडं परत येऊया, कारण हेच सगळं तिथं आधी घडून गेलंय. मातीतली जुनी कुस्ती निकाली. पाठ लागेपर्यंत चालायची, घड्याळ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं ते जुनं गोल मैदान बघून आल्यावर आपल्या खासबागेची कल्पना धरली आणि १९१२ मध्ये मैदान उभं राहिलं. ते अशाच कुस्तीसाठी, कुठंही बसलं तरी पैलवान दिसावा म्हणून. गादीवरची कुस्ती वेगळी. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक चालीला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइलची कुस्ती संपली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसता बचाव करत राहिलात तर पंच आधी ताकीद देतो, मग ३० सेकंद देतो. त्या ३० सेकंदांत तुम्ही गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण फुकट.

म्हणजे काय झालं? हीटच झाली की! खडाखडी करणाऱ्याला दंड.

आणि गादीचा नियम उगाच आला नाही. ऑलिम्पिकमध्ये दिवसभरात बऱ्याच कुस्त्या उरकायच्या असतात, टीव्हीवर दाखवायच्या असतात. आपले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते मातीतनं, गादीची सवय नसताना, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य घेऊन आले. माती सुटली म्हणून ते रडत बसले नाहीत. आजसुद्धा महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. कुस्तीनं हा तोडगा काढला: नवीन घेतलं, जुनं मोडलं नाही.

टेकनकडं असा तोडगा नाही, हे माझं दुखणं आहे. नवीन भाग आला की जुना संपला. जुन्याचे सर्व्हर ओस पडतात, स्पर्धा बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये टेकन ८ चा दुसरा सीझन आला. बचावाला जरा बळ मिळेल असं लोकांना वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मारणाऱ्याच्याच हातात आणखी हत्यारं दिली. स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला, मोठमोठे खेळाडू उघड बोलले, कंपनीला घाईघाईनं दुरुस्त्या काढाव्या लागल्या. मला त्यात एक बरं वाटलं. ज्यांना खडाखडी पाहिजे असे लोक अजून आहेत, आणि ते बरेच आहेत.

आता कोण म्हणेल, दादा, तुम्ही म्हातारे झालात, घुसणाऱ्यांचा जमाना आहे. ठीक. मग अर्सलान ॲशचं काय करायचं? लाहोरचा पोरगा. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधलं इव्हो जिंकला, तेव्हा त्याला कोण ओळखत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासचं इव्हो जिंकला. आणि टेकन ८ आल्यावर? २०२४ ला पण लास वेगासला तोच. त्याचा खेळ बघा तुम्ही. बाजूला सरकतो, वार हवेत जाऊ देतो, मग मारतो. ज्या गेमनं थांबणाऱ्याला दंड लावलाय, त्याच गेममध्ये नीट थांबायला येणारा जिंकतोय. दंड लागू झाला म्हणून कला संपत नाही, फक्त ती महाग होते. रोजच्या खेळणाऱ्याला परवडत नाही, एवढंच.

आणि अर्सलाननं २०१९ ला जिंकल्यावर काय सांगितलं? की आमच्याकडं माझ्यासारखे अजून आहेत. लोकांनी हसण्यावारी नेलं, पुढं त्याच पाकिस्तानचे एकेक जण निघाले. कुठनं आले? पार्लरमधनं. एकाच गल्लीत, एकाच मशीनवर, रोज त्याच माणसाशी.

तालमीत याला शब्द आहे, जोड. गंगावेस तालमीत जा, मोतीबागेत जा, वस्ताद आधी पोराची जोड बघतो. तुझ्या वजनाचा, तुझ्यापेक्षा थोडा वरचढ, रोज तुझ्याशी लढणारा. जोड नसेल तर कितीही खुराक खा, काही होत नाही. टेकनमध्ये आपल्याकडं तेच गेलंय. गेम बदलला हे खरं, पण तो किंगवाला दादाही शेजारी बसायचा थांबला. तो पार्लर बंद होऊन तिथं आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. टेकन ८ प्लेस्टेशन फोरवर चालत नाही, पीएस फाइव्हसारखा नवा कन्सोल नाहीतर तगडा पीसी लागतो, म्हणजे चार पोरांनी वर्गणी काढून घ्यावं असंही सोपं राहिलं नाही. मग पोरगा एकटा खोलीत बसतो, अनोळखी माणसाकडून तीन वेळा मार खातो, आणि अनइन्स्टॉल करतो. त्याला कोण सांगणार की भावा, तू हरलास ते बटणं हळू दाबलीस म्हणून नव्हे, तू दर वेळी त्याच लाथेनं सुरुवात करतोस म्हणून? हे सांगायला शेजारी माणूस लागतो. तोंडात पापडी भरून सांगणारा असला तरी चालतो.

जाता जाता एक बारकी तक्रार. टेकनमध्ये सौदीचा शाहीन आहे, फिलिपिन्सची जोसी आहे, पेरूची अझुसेना आहे. भारतीय कॅरेक्टर अजून नाही. स्ट्रीट फायटरमध्ये निदान हात लांब करणारा धालसिम तरी आहे, आणि १९९६ च्या स्ट्रीट फायटर ईएक्समध्ये तर दारुन मिस्टर नावाचा भारतीय पैलवानच होता. टेकनवाल्यांनो, लाल मातीतला एक गडी घ्या. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, चाली तयार आहेत, नवीन काही शोधायला लागणार नाही. एंट्रीला हलगी वाजवा. नाद खुळा होईल.

आता फोनवर थ्री खेळणाऱ्यांसाठी कामाचं. काचेवर खेळून टेकन कळत नाही, कारण दोन बटणं एकदम दाबणं आणि दिशेबरोबर बटण दाबणं अंगठ्याला जमत नाही, मग नुसती बडवाबडवी होते आणि एडी भारी वाटतो. एक साधा यूएसबी कंट्रोलर घ्या, ओटीजी केबल लावा. शक्य असेल तर दोन घ्या, फोन टेबलावर उभा करा, आणि मित्राला शेजारी बसवा. तीस सेकंद दोघांनी एकही वार करायचा नाही, नुसतं पुढं-मागं सरकायचं, आणि ज्याला राहवलं नाही तो हरला, असं खेळून बघा. हसू येईल, पण बघा.

कुणाकडं टेकन ७ असलं आणि रविवारी संध्याकाळी राजारामपुरी किंवा शाहूपुरीच्या आसपास जोड पाहिजे असली, तर नेहमीच्या नंबरावर व्हॉइस मेसेज टाका. आम्ही तिघं आहोत, चौथा पाहिजे. एडी चालणार नाही. पुढच्या भागात मुस्तफा गेमवर बोलू, ज्याचं खरं नाव मुस्तफा नाहीच. चला, येतो.